भाकर उलटताना

ज्वारीची भाकरी कधी उलटायची हे घड्याळ सांगत नाही. परातीत थापलेली भाकरी अलगद उचलायची, पिठाची बाजू वर येईल अशी तव्यावर टाकायची आणि तिच्यावरून पाण्याचा हात फिरवायचा. ते पाणी सुकत आले की उलथने खाली सरकवायचे. उशीर झाला तर वरची बाजू तडकते, घाई केली तर भाकरी तव्याला धरून राहते आणि फाटते. दुसरी बाजू शेकली की तवा बाजूला होतो आणि भाकरी थेट निखाऱ्यांना लावली जाते. आतल्या ओलाव्याची वाफ होते, पापुद्रा सुटतो, भाकरी टम्म फुगते. चुलीपुढे बसलेली बाई या सगळ्या वेळात उठत नाही. तिची बोटे भाजतात, पण नजर हलत नाही.

इसवी सनापूर्वी आठव्या शतकात इस्राएलच्या उत्तर राज्यात होशेय नावाचा संदेष्टा होऊन गेला. आपल्या लोकांची अवस्था सांगताना त्याने चुलीवरचीच उपमा घेतली: एफ्राईम, म्हणजे हेच उत्तर राज्य, ही कोणी उलटलीच नाही अशी भाकर आहे. त्या काळी भाकर तापल्या दगडांवर किंवा निखाऱ्यांवर भाजत. वेळेवर उलटली नाही तर एक बाजू कोळसा आणि दुसरी बाजू कच्चे पीठ. होशेयची तक्रार नीट ऐकण्यासारखी आहे. या लोकांना विस्तव लागला नाही, असे तो म्हणत नाही. विस्तव भरपूर लागला, पण त्यांनी स्वतःला उलटू दिले नाही, हे त्याचे दुःख आहे.

पुढील पानांचा विषय याच तव्यावर आहे. संकटे, उपास, छळ, वियोग यांतून ख्रिस्ती विश्वासणाऱ्या माणसाचे काय होते, हा प्रश्न मंडळीच्या इतिहासाइतकाच जुना आहे. त्याची उत्तरे बहुधा व्यासपीठावरून दिली गेली. स्वयंपाकघरातून तो पाहावा असे फार थोड्यांना सुचले. वास्तविक पवित्र शास्त्राला ही वाट अजिबात अनोळखी नाही.

लेवीयच्या दुसऱ्या अध्यायात देवाला वाहायच्या अन्नार्पणाची कृती दिली आहे, आणि ती चक्क पाककृतीसारखी आहे. भट्टीत भाजलेले, तव्यावर केलेले, कढईत शिजवलेले असे तिचे प्रकार आहेत. सपीठ हवे, तेल हवे, मीठ तर हवेच हवे. खमीर आणि मध मात्र चालत नाही. येशूचा जन्म झाला त्या बेथलेहेम गावाच्या नावाचा अर्थ भाकरीचे घर. आणि ज्या रात्री त्याला धरून नेले त्या रात्री तो जिथे जमिनीवर पालथा पडून प्रार्थना करत होता त्या गेथशेमानेचा अर्थ तेलाचा घाणा. जैतून पिळल्याशिवाय तेल नाही, आणि पॅलेस्टाइनच्या घरात तेलाशिवाय ना भाकर ना दिवा. शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनी हा अर्थ फोड करून सांगितलेला नाही.

पहिल्या मंडळीने ही भाषा उचलली आणि जिवावर उदार होऊन वापरली. अंत्युखियाचा बिशप इग्नाती याला दुसऱ्या शतकाच्या आरंभी पहारेकऱ्यांसोबत रोमला नेत होते, श्वापदांपुढे टाकण्यासाठी. वाटेतून रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात त्याने स्वतःला देवाचा गहू म्हटले. श्वापदांच्या दातांत दळला जाऊन आपल्याला ख्रिस्ताची शुद्ध भाकर व्हायचे आहे, अशा अर्थाचे ते लिहिणे आहे. पुढे दुसऱ्या शतकाच्या मध्याला स्मुर्णा येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमीरमध्ये, तिथला वृद्ध बिशप पॉलिकार्प याला जाळण्यात आले. त्या प्रसंगाचा मंडळीने लिहिलेला वृत्तान्त आजही उपलब्ध आहे. पाहणाऱ्यांना ज्वाळांमधला तो देह जळणाऱ्या मांसासारखा दिसला नाही, भाजल्या जाणाऱ्या भाकरीसारखा दिसला, असे त्यात नोंदले आहे. लगेच पुढे भट्टीत तावून निघणाऱ्या सोन्याचांदीचीही उपमा येते. आपल्या लाडक्या म्हाताऱ्याच्या मृत्यूचे वर्णन करताना त्या लोकांना आधी भाकर आठवली आणि मग सोने.

सोन्याची उपमा मात्र अधिक गाजली. पेत्राच्या पहिल्या पत्रात विश्वासाची तुलना अग्नीत पारखलेल्या सोन्याशी केलेली आहे. तिथे आणि याकोबाच्या पत्रातही पारख या अर्थी एकच ग्रीक शब्द आहे, दोकिमियोन. नाणे खणखणीत आहे की नाही हे पाहण्याच्या व्यवहारातले हे शब्दकुळ. पण सोनाराची मूस किती वाचकांनी जवळून पाहिली असेल? कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या माणसाला हीच गोष्ट गुऱ्हाळावर अधिक चांगली कळते.

चरकातून निघालेला उसाचा रस हिरवट, गढूळ असतो. तो काहिलीत ओतून खाली चिपाडांचा जाळ लावतात. रस तापू लागला की त्यात भेंडीच्या झाडाचा बुळबुळीत रस सोडतात आणि मग आतापर्यंत न दिसणारी घाण वर येते. ही मळी. ती झाऱ्याने काढायची, पुन्हा उकळू द्यायचे, पुन्हा काढायची. थंड रसात मळी नव्हती असे नाही. ती रसात मिसळून लपलेली होती. माणसाच्या बाबतीत हे किती खरे आहे, हे आजारपणात किंवा कर्जात सापडलेल्या कोणालाही विचारावे. आपल्यात इतका राग होता, इतका मत्सर होता, देवाशी इतका हिशेबीपणा होता, हे सुखाच्या दिवसांत दिसत नाही. ताप वाढला की ते वर येते, आणि भला माणूस स्वतःलाच पाहून घाबरतो. गुऱ्हाळावर मात्र मळी वर आली म्हणून कोणी घाबरत नाही. ती वर यावी म्हणूनच जाळ घातलेला असतो.

तिथे आणखी एक माणूस असतो, गुळव्या. पाक कधी उतरवायचा हे तो ठरवतो. थेंबभर पाक गार पाण्यात टाकून तो बोटांनी चाचपतो. गोळी झाली की काहील उतरवण्याची हाक देतो. थोडी घाई झाली तर गूळ मऊ राहतो आणि टिकत नाही, थोडा उशीर झाला तर करपतो. मलाखीच्या पुस्तकात परमेश्वर रुपे गाळणाऱ्यासारखा बसलेला आहे. या वर्णनातला बसलेला हा शब्द वाचताना गुळव्या आठवावा. तो काहील चढवून घरी जात नाही.

इथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण या उपमांनी पुष्कळ माणसे दुखावली गेली आहेत. विस्तव प्रत्येक गोष्ट शिजवतोच असे नाही. तो जाळतोही. ज्या आईचे मूल गेले तिच्या दारात उभे राहून तुझी परीक्षा चालली आहे असे सांगणे म्हणजे ईयोबाच्या मित्रांच्या रांगेत जाऊन बसणे. आणि त्या मित्रांवर देवाचा कोप झाला, हे त्याच पुस्तकाच्या शेवटी लिहिले आहे. ते मित्र सात दिवस ईयोबाजवळ मुकाट्याने बसले तोवर बरोबर होते. तोंड उघडले आणि चुकले. दुसऱ्याच्या चुलीतले दुःख चाखून त्याला गोड ठरवण्याचा अधिकार कोणालाच नाही. याकोब संकटांत आनंद माना असे लिहितो खरा, पण तो स्वतःही त्याच विस्तवाशेजारी उभ्या असलेल्या, घरादारांतून पांगलेल्या माणसांना लिहितो आहे.

म्हणून उपमा सोडून माणसांकडे गेलेले बरे. महाराष्ट्रात या विषयाची सर्वांत मोठी साक्ष पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावात आहे.

ती उभी केली पंडिता रमाबाईंनी. त्यांचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान, पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडणारे. 1870 नंतरच्या दुष्काळी वर्षांत हे कुटुंब दक्षिणेत उपासमारीत सापडले. जवळचे सारे संपले. अरण्यात अकरा दिवस आणि अकरा रात्री त्यांनी पाणी, झाडाची पाने आणि मूठभर रानटी खजूर एवढ्यावर काढल्या, असे रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवले. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. राहिली ती सोळा-सतरा वर्षांची रमा आणि भाऊ. पुढे पायी हिंडत दोघे कलकत्त्याला पोहोचले, तिथे 1878 मध्ये तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. भाऊही गेला. 1880 मध्ये विवाह झाला आणि 1882 मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने वारले. पदरात तान्ही मनोरमा.

1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. आणि तिथे एक नवीच परीक्षा सुरू झाली, तीही जेवणाच्या टेबलावर. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. अंडे घातलेले पुडिंगसुद्धा त्या खात नसत. आश्रय देणाऱ्या सिस्टर जेराल्डीन यांना यात जातीचा जुना अभिमान दिसला. रमाबाईंना त्यात आपल्या माणसांशी असलेले नाते दिसत होते. दोघींच्या पत्रव्यवहारात हा विषय श्रद्धेच्या मोठ्या प्रश्नांशेजारी बसलेला आहे. ज्या मुलीने पाने खाऊन दिवस काढले होते तिला काय खावे आणि काय खाऊ नये हे आता प्रेमळ परकी माणसे सांगत होती. रमाबाई नमल्या नाहीत. विश्वास येशूवर ठेवला आहे, इंग्रजी स्वयंपाकावर नाही, एवढे त्यांना स्वच्छ दिसत होते. परीक्षा माणसाला घडवते म्हणजे ती त्याला मऊ मेणाचा गोळा करते, असा समज असेल तर रमाबाईंचा हा हट्ट पाहावा. त्यांच्यातले काय जळायला हवे आणि काय राहायला हवे, याचा निवाडा त्यांनी दुसऱ्यांवर सोपवला नाही.

1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. विधवांचे शिक्षण हा हेतू. सोवळे पाळू इच्छिणाऱ्या मुलींना ते पाळता यावे अशी सोय तिथे होती. तरीही 1893 मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून वादळ उठले, मुली काढून नेल्या गेल्या, सल्लागार मंडळातले मोठे लोक बाहेर पडले.

मग 1896 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून उपाशी माणसांच्या बातम्या येऊ लागल्या आणि रमाबाई तिकडे गेल्या. वीस वर्षांपूर्वीची आपली भूक त्यांना तिथल्या मुलींच्या डोळ्यांत दिसली. त्यांनी शेकडो मुली-बायका सोबत आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, नव्या माणसांना शहरात ठेवू देत नव्हते. केडगावला संस्थेसाठी घेतलेली सुमारे शंभर एकर जमीन होती. मुलींना तिथे नेले. 1898 मध्ये मुक्ति सदनाची स्थापना झाली. त्यानंतर 1899-1900 चा, लोकांच्या तोंडी छप्पन्नचा म्हणून राहिलेला, आणखी भीषण दुष्काळ पडला, गुजरातेतून मुली आणल्या गेल्या आणि मुक्तीतली माणसे दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसे म्हणजे दोन्ही वेळच्या चार हजार ताटांचा हिशेब. एका माणसाला एका वेळी दीड भाकरी धरली तरी दिवसाला सहा हजार भाकऱ्या. दळण, पाणी, जळण, मीठ. भुकेने आतडी आक्रसलेल्या पोरीला एकदम पोटभर वाढले तर ती मरते, म्हणून थोडे-थोडे, पातळ, पुन्हा-पुन्हा द्यावे लागते. हे ज्ञान पुस्तकी पंडिताला नसते. दुष्काळी मुलगी समोर बसली की ती काय लपवते, का चोरते, भरल्या ताटापुढे का रडते, हे अकरा दिवस पानांवर काढलेल्या बाईला सांगावे लागले नसेल. मुक्तीत विणकाम आले, तेलाचा घाणा आला, छापखाना आला, अंध मुलींसाठी शिक्षण आले. पण सगळ्यांच्या आधी चूल आली.

रमाबाईंना हे सोपे गेले असे कोणी समजू नये. अन्नासाठी धर्म बदलवतात, हा आरोप दुष्काळातल्या सगळ्याच मिशन कार्यावर झाला आणि त्यांच्यावरही झाला. भुकेल्या मुलाला अन्न देणाऱ्याच्या हाती त्या मुलाच्या मनावरचीही सत्ता येते. हा प्रश्न खरा होता आणि आजही तो झटकून टाकू नये. रमाबाईंनी त्याला दिलेले उत्तर शब्दांतले नव्हते. दुष्काळ सरला तरी मुक्तीचे दार उघडेच राहिले, आणि ज्यांना कोणीच घेत नव्हते अशांना, अंध, अपंग, टाकून दिलेल्या बायकांना त्या घेत राहिल्या. जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. जिच्या हाती सारे सोपवायचे ती एकुलती एक मुलगी. रमाबाई त्या वेळी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबलचे भाषांतर पुरे करण्याच्या मागे होत्या. ते पुरे झाले आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला. होशेयची ती भाकरही त्यांच्या लेखणीखालून गेलेली आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट वेगळ्या चुलीवरची. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. जलालपूरच्या माहेरी वडिलांचे सोवळे इतके कडक की बाजारातून आलेल्या जिनसाही धुऊन घ्यायच्या. अशा घरात वाढलेल्या बाईला नवऱ्याच्या नव्या विश्वासाचा पहिला प्रश्न देवघरात भेटला नाही, पाण्याच्या हंड्यापाशी भेटला. कोणाच्या हातचे प्यायचे? पुढे त्या टिळकांकडे परतल्या तेव्हाही सुरुवातीला त्यांचे स्वयंपाकपाणी वेगळे होते. एका छपराखाली दोन चुली आणि मधे प्रेम करणारी दोन माणसे. जात माणसाने केली, देवाने नव्हे, हे त्यांना वादविवादात हरून पटले नाही. विचार करता करता एक दिवस आतून पटले, आणि पटल्यावर त्यांनी ते पाणी पिऊन दाखवले. 1900 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचणाऱ्याला हे सारे हसत-रडत सांगितलेले भेटते. त्या पुस्तकातला मोकळेपणा फुकट आलेला नाही. काही वर्षांचा दुरावा, नातेवाइकांच्या घरचे आश्रित जिणे आणि लहान मूल घेऊन केलेली पायपीट त्याच्या तळाशी आहे.

अहमदनगर भागात अमेरिकन मराठी मिशनच्या कामामुळे जे महार, मांग कुटुंबीय ख्रिस्ती झाले त्यांची परीक्षा आणखी निराळी होती. त्यांच्यापाशी सोवळे गमावण्याचा प्रश्न नव्हता, बलुत्याचा होता. गावकामाच्या बदल्यात मिळणारे धान्य आणि घरोघरची भाकर हाच ज्यांचा हक्क, त्यांनी नवी उपासना धरली की तो हक्कच धोक्यात येई. रोजची भाकर मागणारी प्रार्थना त्यांच्या तोंडी कशी उमटली असेल, याची कल्पना भरल्या डब्याशेजारी बसून करता येत नाही. या माणसांची नावे मोठ्या चरित्रग्रंथांत नाहीत. मराठी मंडळीचा पाया मात्र त्यांच्या घरांत आहे.

इतक्या मोठ्या आगी सगळ्यांच्या वाट्याला येत नाहीत. पुष्कळांच्या वाट्याला येते ती मंद आच, वर्षानुवर्षे न विझणारी. फ्रान्समधला निकोला एर्मां हा लॉरेनचा सैनिक, लढाईत पाय जायबंदी झालेला. 1640 मध्ये तो पॅरिसच्या कार्मेल मठात गेला आणि ब्रदर लॉरेन्स झाला. त्याला काम मिळाले स्वयंपाकघरातले, आणि ते त्याला मुळीच आवडत नसे. सुमारे पंधरा वर्षे त्याने तेच केले. मठासाठी द्राक्षारस खरेदीला नावेने पाठवले तेव्हा लंगड्या पायामुळे त्याला पिंपांवरून गडगडत सरकावे लागे. त्याच्या मृत्यूनंतर, म्हणजे 1691 नंतर, त्याची पत्रे आणि संभाषणे प्रसिद्ध झाली. कढईतले आम्लेट आपण देवाच्या प्रेमाखातर उलटतो, असे हा माणूस म्हणत असे. भांड्यांच्या खडखडाटात आणि गुडघ्यांवर बसून केलेल्या प्रार्थनेत त्याला पुढे अंतर उरले नाही. नावडते काम, दुखरा पाय, एकाच वेळी हाका मारणारी चार माणसे. यात कोणता छळ आहे, असे कोणी विचारील. घरी म्हाताऱ्या सासऱ्यांचे पथ्य, मुलांचे डबे आणि स्वतःचा गुडघा सांभाळणारी बाई ते विचारणार नाही.

या विषयावर बोलणाऱ्यांनी आजवर चुलीच्या उपमा घेतल्या, पण चुलीपुढे बसलेल्यांना फारसे विचारले नाही. वसईच्या वाड्यांत, नगरच्या वस्त्यांत, सोलापूर-कोल्हापूरच्या जुन्या मंडळ्यांत रविवारची उपासना संपली की ज्या बायका प्रीतिभोजनासाठी मोठी पातेली चढवतात, त्यांच्यापाशी सोसण्याचे एक शास्त्र आहे. डाळ आधी भिजवली की आच कमी लागते, हे त्यांना माहीत असते. मीठ कधी घालायचे, झाकण कधी काढायचे, कोणते भांडे हलवायचे नाही, हेही. प्रवचन लिहिणाऱ्याने त्यांच्याशेजारी तासभर बसावे.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात एक न्याहारी आहे. त्या न्याहारीचा विस्तव लक्षात ठेवण्याजोगा आहे. कोळशांचा विस्तव या अर्थाचा एक ग्रीक शब्द, आंथ्राकिया, साऱ्या नव्या करारात दोनच ठिकाणी येतो. पहिल्यांदा प्रमुख याजकाच्या अंगणात, थंडीच्या रात्री. पेत्र तिथे हात शेकत उभा राहतो आणि येशूला आपण ओळखत नाही असे तीनदा सांगतो. दुसऱ्यांदा तो शब्द येतो तो तिबिर्या समुद्राच्या काठी, पहाटे. रात्रभर जाळे टाकून हाती काही लागलेले नाही, मग किनाऱ्यावरून कोणी हाक देतो, जाळे उजवीकडे टाका म्हणतो, आणि एकशे त्रेपन्न मोठे मासे सापडतात. पेत्र पाण्यात उडी टाकतो. किनाऱ्यावर पोहोचतो तर तिथे निखारे फुललेले, त्यांवर मासळी घातलेली आणि शेजारी भाकर.

त्याच वासाचा धूर. अंगणातल्या त्या रात्रीनंतर पेत्राला कोळशाचा वास कसा लागला असेल, हे योहानाने लिहिले नाही. न्याहारी तयार असतानाही येशू म्हणतो की तुम्ही आता धरलेल्या मासळीतूनही थोडी आणा. ओलाचिंब पेत्र जातो आणि जाळे ओढून काठावर आणतो. मग सगळे विस्तवाभोवती बसतात, येशू भाकर घेऊन त्यांना देतो, मासळीही देतो. प्रेम करतोस का, हा तीनदा विचारलेला प्रश्न त्यानंतर येतो, सगळ्यांचे खाऊन झाल्यावर.